लँडर्सचा लाकडी घुमट: इंटिग्रेट्रॉनमधील एक तास

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेस, लँडर्स नावाची एक विरळ वस्ती आहे. तिच्या कडेला, आजूबाजूला काहीच उंच नसलेल्या सपाटीवर, एक पांढरा घुमट उभा आहे. त्याचे नाव इंटिग्रेट्रॉन. हा घुमट बांधणारे जॉर्ज व्हॅन टॅसल यांची अशी श्रद्धा होती की त्याचा मूळ मंत्र त्यांना शुक्र ग्रहावरून आलेल्या एका पाहुण्याने दिला, आणि वास्तू पूर्ण झाली की तिच्यातून चालत जाणाऱ्या माणसाचा कायाकल्प होईल. वास्तूचे काम त्यांना अपेक्षित होते तसे पुरे झाले नाही. आज तेथे कायाकल्प होत नाही, परंतु स्फटिकाच्या वाडग्यांचा नाद ऐकवतात, त्याला साउंड बाथ म्हणतात, आणि त्यासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. गेल्या मार्चमध्ये मी मिरजेहून आलेल्या माझ्या मामांना घेऊन तेथे गेले. त्या एका तासाचे, त्या वास्तूचे आणि तिच्यामागच्या पंथाचे हे परीक्षण आहे.

मामांना नेण्याचे कारण आधी सांगते. त्यांचे सारे आयुष्य मिरजेत तंबोरे जुळवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले. पंढरपूरकडून येणारा भोपळा हातात घेऊन, त्यावर बोटाने टिचकी मारून, हा बोलेल की नाही हे ते सांगत असत. आमच्या घरात आवाज ही ऐकण्याइतकीच हाताने चाचपून पाहण्याची गोष्ट होती. त्यामुळे ज्या वास्तूची ख्याती केवळ तिच्या घुमण्यावर आहे, तिथे त्यांच्यासारखा कान सोबत असावा असे मला मनापासून वाटले, आणि ते वाटणे योग्य ठरले.

वास्तूत जाण्यापूर्वी तिची हकिगत जाणून घेणे आवश्यक आहे, कारण ती ठाऊक नसेल तर हा घुमट म्हणजे वाळवंटातील एक देखणे कोठार एवढाच उरतो. व्हॅन टॅसल यांचा जन्म १९१० सालचा. ते विमान उद्योगातले जाणकार; लॉकहीड, डग्लस आणि ह्यूज या कंपन्यांत त्यांनी काम केले. १९४७ साली ते शहर सोडून कुटुंबासह या वाळवंटात आले आणि घुमटापासून सुमारे पाच किलोमीटरवर असलेल्या जायंट रॉक नावाच्या प्रचंड शिळेजवळ राहू लागले. ही शिळा सात मजली इमारतीइतकी उंच आहे. तिच्या पोटाखाली फ्रँक क्रिट्झर नावाच्या एका खनिजशोधकाने पूर्वी खोल्या खोदल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो जर्मनांचा हेर असल्याचा संशय घेतला गेला आणि १९४२ साली पोलिसांशी झालेल्या प्रसंगात त्याच खोलीत डायनामाइटच्या स्फोटात तो मरण पावला. व्हॅन टॅसल यांनी ती जागा पुन्हा वापरात आणली, शेजारी छोटी धावपट्टी चालवली, येणाऱ्यांसाठी खाणावळ काढली, आणि शिळेखालच्या त्या खोलीत ध्यानाच्या बैठका सुरू केल्या.

या बैठकाच त्या पंथाचे मूळ होत. लोक अंधारात बसत, व्हॅन टॅसल समाधी लागल्यासारखे होत आणि त्यांच्या मुखातून अंतराळातील यानांचे संदेश येत, असे उपस्थित मानत. १९५२ साली त्यांनी सांगितले की अश्तार नावाचा एक सेनाधिकारी त्यांच्याशी बोलला असून तो शारे नावाच्या गस्तीच्या स्थानकावरून बोलत होता. लक्षात घ्या, तेव्हा माणसाने एकही उपग्रह अवकाशात पाठवलेला नव्हता. पहिला स्पुतनिक उडायला अजून पाच वर्षे होती. तरीही कॅलिफोर्नियातील एका शिळेखाली काही माणसे एका अंतराळस्थानकाकडे तोंड करून बसत होती आणि तिथून येणाऱ्या शब्दांना आज्ञेचा मान देत होती. मला हा सारा इतिहास वाचताना सर्वांत जास्त याचेच नवल वाटले. पृथ्वीभोवती खरी स्थानके फिरू लागण्याच्या कितीतरी आधी एक काल्पनिक स्थानक भक्तीचा विषय झाले होते. अश्तारचे नाव पुढे व्हॅन टॅसल यांच्या हातातून निसटले आणि इतर अनेकांनी ते उचलले. १९७७ साली इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात कोणीतरी घुसखोरी करून संदेश दिला तेव्हाही त्या आवाजाने स्वतःचा संबंध अश्तारशीच जोडला होता.

शुक्रावरच्या पाहुण्याची कथा १९५३ची. सोलगांडा नावाच्या त्या व्यक्तीने आपल्याला रात्री जागे केले, यानात नेले आणि शरीराच्या पेशी पुन्हा ताज्या करण्याचे सूत्र दिले, असे व्हॅन टॅसल सांगत. त्या सूत्राचे जे रूप ते लिहून दाखवत, ते शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ओळखता येईल: वारंवारिता म्हणजे एक भागिले काळ. त्यात परग्रहावरचे असे काही नाही. शुक्राविषयीही हेच म्हणावे लागेल. त्या काळी शुक्राच्या ढगांखाली समुद्र किंवा दलदली असाव्यात अशी कल्पना करणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. १९६२ साली मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेले आणि तो ग्रह भट्टीसारखा तापलेला असल्याचे कळले. आज आपल्याला ठाऊक आहे की तिथल्या पृष्ठभागावर शिसे वितळेल इतकी उष्णता आहे. सोलगांडाचे घर तिथे असणे शक्य नाही, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता लिहिते. पण ज्या माणसांनी आपली कमाई या घुमटासाठी दिली, त्यांना हसावे असेही मला वाटत नाही. त्यांना म्हातारपण आणि मृत्यू यांची भीती वाटत होती, आणि ही भीती आपल्याकडच्या कुठल्याही घरात सापडते.

देणग्या गोळा झाल्या त्या बहुतांशी शिळेजवळ भरणाऱ्या वार्षिक मेळाव्यांतून. उडत्या तबकड्या पाहिल्याचे सांगणारे, त्यांत बसून आल्याचे सांगणारे, आणि त्यांचे ऐकायला आलेले, असे हजारो लोक १९५०च्या दशकात या वाळवंटात तंबू ठोकून राहत. गर्दीच्या वर्षी हा आकडा दहा हजारांपर्यंत गेल्याचे सांगितले जाते. पिण्याच्या पाण्याची सोय नसलेल्या जागी दहा हजार माणसे म्हणजे काय, हे आपल्याकडची जत्रा पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आता वास्तू. घुमटाची उंची सुमारे ३८ फूट आणि व्यास सुमारे ५५ फूट आहे. चिकटवून केलेल्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या तळापासून वर निघतात आणि शिखराशी काँक्रीटच्या एका जड कड्यात येऊन थांबतात. ते कडेच आपल्या भाराने साऱ्या फासळ्यांना जागेवर धरून ठेवते. सांगाड्यात खिळे किंवा स्क्रू नाहीत असे सांगतात, कारण धातूमुळे आतील विद्युतक्षेत्रात अडथळा येईल अशी व्हॅन टॅसल यांची समजूत होती. त्यांच्या आराखड्यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: बायबलमध्ये वर्णिलेला मोझेसचा पवित्र मंडप, निकोला टेस्ला यांचे उच्च दाबाच्या विजेचे प्रयोग, आणि जॉर्ज लाखोव्हस्की या संशोधकाचे, पेशींवर अनेक लहरींचा एकदम मारा करणारे यंत्र. घुमटाला बाहेरून वेढा घालणारे एक फिरते कडे असणार होते व त्यातून स्थिर विद्युत निर्माण होणार होती. १९७८ साली व्हॅन टॅसल अचानक गेले आणि ते सारे तिथेच थांबले. यंत्रसामग्री नाहीशी झाली, मालक बदलत गेले, एकदा तर तेथे नृत्यगृह काढण्याचा बेत होता असेही सांगतात. २००० साली तीन बहिणींनी ही वास्तू विकत घेतली, तिची डागडुजी केली आणि नाद ऐकवण्याचा उपक्रम रुजवला. २०१८ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला. मधल्या पडीक काळात, १९९२च्या जूनमध्ये, याच लँडर्सच्या नावाने ओळखला जाणारा ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. घुमट त्यातूनही उभा राहिला, यावरून त्या सुतारकामाची कल्पना यावी.

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तळमजल्यावर जुनी छायाचित्रे लावलेली आहेत. ती घाईत पाहून वर जाऊ नये असे मी सुचवीन. पादत्राणे काढून, फोन बंद करून, उभ्या जिन्याने वरच्या दालनात जायचे असते. मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना एकेक पायरी सावकाश चढावी लागली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी या जिन्याचा आधी विचार करावा. वर पोहोचताच मी थबकले. बाहेरून पांढरा दिसणारा घुमट आतून मधासारख्या रंगाचा आहे. चहूबाजूंच्या खिडक्यांतून प्रकाश येतो, फासळ्या वर जाऊन एका बिंदूपाशी मिटतात, आणि नव्या कापलेल्या लाकडाचा नव्हे, तर जुन्या वाड्यातल्या तुळयांना येतो तसा वास येतो. गोलाकार मांडलेल्या चटयांवर आम्ही वीस-पंचवीस जण डोके मध्याकडे करून आडवे झालो.

वाडगे सुमारे वीस आहेत, लहानमोठ्या मापांचे, दुधी पांढऱ्या रंगाचे. हे वाडगे शुद्ध गारगोटीच्या वाळूला वितळवून बनवतात. अर्धवाहक उद्योगात सिलिकॉनचे स्फटिक वाढवण्यासाठी ज्या मुशी लागतात, त्यांतूनच ही वाद्ये जन्माला आली. रबराने किंवा चामड्याने मढवलेला दांडा काठावरून फिरवला की वाडगा हळूहळू कंप पावू लागतो, आणि एकदा बोलू लागला की दांडा उचलल्यावरही बराच वेळ बोलत राहतो. प्रत्येक वाडगा शरीरातील एकेका चक्राशी जुळवलेला आहे, असे तेथे सांगतात. चक्रांची ही कल्पना आपल्या योगपरंपरेतून तिकडे गेलेली आहे, मात्र मूलाधाराला अमुक स्वर आणि अनाहताला तमुक स्वर ही जोडणी अलीकडची आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिला स्वर कुठून आला ते मला कळले नाही. वाडगा माझ्या उजवीकडे होता, हे मी आडवे होण्यापूर्वी पाहिले होते; पण आवाज डाव्या कानाच्या आत उमटला, नंतर कपाळात, नंतर थेट पाठीखालच्या फळ्यांतून. दुसरा वाडगा पहिल्याच्या अगदी जवळच्या स्वरात बोलू लागला तेव्हा दोहोंच्या मध्ये एक संथ हेलकावा तयार झाला. दोन जवळच्या वारंवारिता एकत्र आल्या की असे स्पंद ऐकू येतात, हे तंबोऱ्याची जोडी मिळवणाऱ्या कोणालाही माहीत असते. मिळवताना ते स्पंद कमी कमी करत नेऊन तारा एकरूप करायच्या असतात. येथे मात्र ते मुद्दाम ठेवतात, आणि त्या हेलकाव्याची गती श्वासाच्या गतीजवळ आली की श्वासच त्याच्या मागे जाऊ लागतो. वाडग्यांचे प्रत्यक्ष वादन सुमारे पस्तीस मिनिटे चालते. पुढचा वेळ ध्वनिमुद्रित संगीत लावून शांत पडून राहण्यासाठी ठेवलेला आहे. मला पहिला भाग फार आवडला. दुसऱ्या भागात मी मुद्रित संगीत न लावता केवळ शांतता ठेवली असती, कारण इतक्या जिवंत नादानंतर कानाला नुसत्या लाकडाचे आणि वाऱ्याचे आवाज पुरेसे असतात. पण ही माझी आवड झाली. माझ्या शेजारची एक तरुणी त्याच भागात गाढ झोपली होती.

खाली उतरल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. घुमटाच्या सावलीत बसून पाणी प्यायल्यावर म्हणाले, "अगं, भोपळ्याच्या आत बसून तंबोरा ऐकला आज. जन्मभर बाहेरूनच ऐकत होतो."

मी विचारले, "आणि स्वर कसे होते, मामा?"

"स्वर शुद्ध आहेत, पण त्यांना जवारी नाही. तार घोडीवर घासते तेव्हा स्वराच्या पोटातून बाकीचे स्वर निघतात. हा काचेचा स्वर एकटाच असतो. त्याला जे काही भरलंय ना, ते या लाकडानं भरलंय."

या वास्तूविषयी मी वाचलेल्या कोणत्याही वर्णनापेक्षा हे निदान मला नेमके वाटते. स्फटिकाच्या वाडग्याचा स्वर खरोखरच उपस्वरांनी विरळ असतो. त्याला दाटपणा येतो तो अंतर्गोल छताने परतवलेल्या आणि एकमेकांत मिसळलेल्या लहरींमुळे. म्हणजे येथे वाद्य वाडगा नाही, वाद्य घुमट आहे. हेच वाडगे एखाद्या योगवर्गाच्या चौकोनी खोलीत मी पूर्वी ऐकले होते आणि दहा मिनिटांत कंटाळले होते.

गोलघुमटाची आठवण आम्हा दोघांनाही झाली. मिरजेच्या शाळांच्या सहली विजापूरला जात, आणि सज्जात उभे राहून भिंतीशी कुजबुजले की समोरच्या टोकाच्या मैत्रिणीला ते ऐकू येते, हा अनुभव मी सातवीत घेतलेला आहे. लँडर्सच्या घुमटातही कुजबुज अशीच पलीकडच्या माणसाच्या कानाशी जाऊन पोहोचते. कार्यक्रमाआधी आम्ही दोघांनी समोरासमोरच्या बाजूंना उभे राहून ती करून पाहिली. पण दोन्ही वास्तूंचा स्वभाव निराळा आहे. १६५६ साली पूर्ण झालेला गोलघुमट चुना-दगडाचा आहे आणि व्यासाने याच्या दुपटीहून मोठा. तिथे टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते, आणि शाळेची पोरे आत शिरली की कोलाहलात कोणाचेच काही ऐकू येत नाही. लाकूड वरच्या पट्टीतील कर्कशपणा शोषून घेते, आणि घुमट लहान असल्यामुळे प्रतिध्वनी सुटा ऐकू न येता मूळ स्वरालाच चिकटून राहतो. संथ, खर्जातल्या नादासाठी याहून चांगली जागा मी ऐकलेली नाही. याच घुमटात कोणी खर्जात षड्ज लावून तासभर बसले तर काय होईल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर पूर्णवेळ करत होते.

आरोग्याच्या दाव्यांबद्दल स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. तासभर निश्चल पडून, फोनविना, मंद नाद ऐकला की मन शांत होते, रात्री झोप चांगली लागते. हे मला जाणवले, मामांनाही जाणवले. परंतु त्यापलीकडे पेशी दुरुस्त होणे, रोग बरे होणे, वय मागे जाणे, असे जे काही व्हॅन टॅसल यांच्या काळापासून या जागेला चिकटलेले आहे, त्यावर विसंबून कोणी औषधोपचार सोडू नयेत. वाळवंटाखालच्या चुंबकीय शक्तीमुळे ही जागा निवडली गेली, हेही श्रद्धेचेच विधान आहे. येथे यावे ते ऐकण्यासाठी. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जितके पैसे आपण आनंदाने देतो, तितकी या तासाची किंमत निश्चित आहे, आणि जिने हा घुमट पडू दिला नाही त्या देखभालीसाठीही मी ते पुन्हा देईन.

दुपारी आम्ही शिळेकडे गेलो. रस्ता कच्चा आहे, वाळूत चाके रुततात, म्हणून उंच गाडी असावी आणि पाण्याचा मुबलक साठा असावा. उन्हाळ्यात इथले तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ योग्य. २००० साली या शिळेचा मोठा तुकडा फुटून बाजूला पडला आणि आतला पांढरा ग्रॅनाइट उघडा झाला. त्या ताज्या पांढऱ्या पृष्ठभागावर आणि मूळ शिळेवरही लोकांनी रंगाने नावे व चित्रे फासलेली आहेत. ते पाहून मला फार वाईट वाटले. ही सरकारी मालकीची, सर्वांसाठी खुली जमीन आहे, राखायला कोणी उभे नाही. पण ज्या जागेला इतक्या पिढ्यांच्या माणसांनी हात जोडले, तिथे रंगाचा डबा उघडताना हात कसा चालतो हे मला समजत नाही. पंथाच्या बैठकांची खोली आता बुजवलेली आहे. दगडाच्या पायथ्याशी आग लावल्याने पडलेले काळे डाग तेवढे दिसतात.

मुक्काम जवळपास करायचा असेल तर युका व्हॅली किंवा जोशुआ ट्री या गावांत सोय होते. आम्ही जिथे उतरलो तिथे रात्री गरम पाणी नव्हते आणि विचारायला माणूसही नव्हता. तेव्हा वडीलधारी माणसे सोबत असतील तर या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. मात्र त्या रात्री आम्ही बाहेर अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि आकाश असे होते की मिरजेत ते मी लहानपणानंतर पाहिलेले नाही. आठच्या सुमारास एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका पश्चिमेकडून निघून काही मिनिटांत डोक्यावरून पलीकडे गेला. ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक होते. त्याची वेळ मी सकाळीच पाहून ठेवली होती. मामांनी विचारले, "त्यात माणसं आहेत आत्ता?" मी आहेत म्हणाले. ते ठिपका पृथ्वीच्या सावलीत विझेपर्यंत मान वर करून बघत राहिले, आणि मग खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाने हळूच टिचकी मारून त्यांनी तिचा आवाज ऐकला.